अकरा दिवस

त्या मंगळवारी सकाळी मी संपादक बाईंना राजीनामा पाठवला. खरं तर राजीनामा द्यावा असं पद माझ्याकडे नव्हतंच. पोटापाण्यासाठी मी हिशेब तपासतो. दैनंदिन मननाच्या एका पुस्तिकेत वर्षातले दोन महिने माझ्या वाट्याला येतात, तेवढीच माझी लेखकगिरी. रोजचं बायबलमधलं एक वचन, त्यावर अडीचशे शब्द, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. अशी ३० मननं आठवड्यापूर्वीच देऊन झाली होती.

आदल्या रात्री आमच्याच एका लेखकाचा यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ३६व्या अध्यायावरचा लेख वाचला आणि सगळं बिनसलं. त्यांना हिब्रू येतं. यिर्मयाचा लेखनिक बारूख, त्याला राजाचे अधिकारी गुंडाळीबद्दल विचारतात, हे सगळं तू कसं लिहिलंस? तो म्हणतो, यिर्मया तोंडाने सांगत गेला, मी शाईने लिहीत गेलो. या गृहस्थांनी दाखवून दिलं होतं की ‘शाई’ हा शब्द अख्ख्या हिब्रू शास्त्रात फक्त इथेच येतो. मी तो अध्याय कितीदा वाचला असेन, मला शाई दिसलीच नव्हती. मग त्याच अध्यायावरचं माझं १४ तारखेचं मनन काढलं. पहिलंच वाक्य, ‘आपण सर्वांनी वचनाचा आदर केला पाहिजे.’ वाचून कानशिलं तापली.

पत्र आठ ओळींचं होतं. मी अपात्र आहे, माझा धर्मशास्त्राचा अभ्यास नाही, मोशेसारखा मी जड जिभेचा, प्रभूने माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला वापरावं, वगैरे. पाठवल्यावर जरा पवित्रच वाटलं, हे कबूल करतो.

तासाभरात बाईंचा फोन. “पत्र मिळालं. मननांची तुमची प्रत घेऊन या. अंक चार वाजता छपाईला जातोय.”

बाई पूर्वी शिक्षिका होत्या, आणि ते त्यांच्यातून गेलेलं नाही. मी बसलो तर समोर माझंच पत्र छापून ठेवलेलं आणि शेजारी टोक केलेली पेन्सिल.

“तुम्ही आकडेमोडीतले. यात ‘मी’ किती वेळा आलंय ते मोजा. मला, माझं, माझ्या, सगळं धरा.”

१३ भरले.

“आता या तिसांत मोजा. प्रार्थना सोडून.”

एकदा मोजलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. शून्य. ‘आपण’ मात्र त्यांनी आधीच पेन्सिलीने गोल करून ठेवले होते. पानांवर गोवर उठल्यासारखा दिसत होता.

मराठीतलं हे ‘आपण’ फार सोयीचं आहे. त्यात ऐकणाराही येतो, बोलणाराही येतो आणि पकडला कोणीच जात नाही. व्यासपीठावरून ‘आपण कमी पडतो’ म्हटलं की समोरच्याला बरोबर कळतं, हे मला म्हणताहेत. बोलणारा केव्हाच बाजूला सरकलेला असतो. मी तर ३० दिवस सरकूनच लिहीत होतो.

“मोशेचं म्हणताय,” बाई म्हणाल्या, “तर निर्गम चौथ्या अध्यायातलं दहावं वचन घेतलंत. चौदावंही वाचा ना. दुसऱ्या कोणाला तरी पाठव म्हणाला, तेव्हा देवाचा राग भडकला त्याच्यावर.”

मी म्हटलं, “पण बाई, त्यांचा शाईवरचा लेख वाचल्यावर माझ्या लिहिण्याला अर्थ काय राहिला?”

“लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीला काय लिहिलंय? पुष्कळांनी हे आधी लिहायला घेतलंय, मलाही लिहावंसं वाटलं. झालं. शाई त्यांना दिसली, त्यांनी सांगितली. तुम्ही यिर्मयाचा ४५वा अध्याय पाहिलात का?”

तो फक्त पाच वचनांचा आहे. पुढे इतका लांब टाकलेला, की ३६व्याशी त्याचं नातं चटकन लक्षात येत नाही. पण साल तेच, यहोयाकीम राजाचं चौथं. म्हणजे ती गुंडाळी लिहीत होता त्याच वर्षी बारूख म्हणत होता, मी कण्हून कण्हून थकलो, मला विसावा नाही. आणि देवाने त्या लेखनिकाला नावाने उत्तर दिलं. तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी शोधतोस काय? शोधू नकोस. देईन म्हणाला तो फक्त जीव, जाशील तिथे. ३६व्या अध्यायात या कण्हण्याचा मागमूस नाही. तिथे नुसती शाई.

बाईंनी गठ्ठ्यातून २२ तारीख काढली. वचन फिलिप्पै ४:७, सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडली शांती. विषय आजारपण.

“हे वडिलांच्या वेळचं ना? तुम्हाला होती अशी शांती?”

“नव्हती.”

“मग काय होतं?”

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसून असायचो, बायबल पिशवीत, पिशवी खुर्चीखाली. औषधांच्या बिलांची बेरीज तीनतीनदा करायचो. मंडळीतले लोक यायचे, प्रार्थना करून जायचे. मी डोळे मिटायचो आणि आत बेरीज चालू असायची.

बाईंनी मान हलवली नाही, सांत्वन केलं नाही. कोरे कागद पुढे सरकवले. “सव्वाबारा झालेत.”

“वचन बदलू?”

“वचन तेच राहू दे.”

पहिलं वाक्य लिहिलं, ‘कधीकधी प्रार्थना करणं आपल्याला कठीण जातं.’ खोडलं. दुसरं, ‘अनेक विश्वासणाऱ्यांना असा अनुभव येतो.’ तेही खोडलं. बारूखची ती गुंडाळी जाळणाऱ्या यहोयाकीम राजाची आठवण झाली. हिवाळ्याचे दिवस, पुढ्यात शेगडी, आणि तीन-चार स्तंभ वाचून झाले की तेवढे कापून तो विस्तवात टाकायचा. मुळात तिथे ‘लेखनिकाचा चाकू’ आहे. हत्यार लिहिणाऱ्याच्याच पेशातलं. आता यातून पुन्हा काही मोठं काढायला मन धावलंच. म्हटलं, गप्प बस.

दीडच्या सुमारास लिहिलं, ‘वडील अतिदक्षता विभागात होते त्या ११ दिवसांत मी एकदाही प्रार्थना केली नाही.’

लिहिलं आणि हात आखडला. कोण कोण वाचणार त्यांचे चेहरेच समोर आले. पाळकसाहेब, रविवारशाळेतली माझी मुलं, आई. आई घरी रोज हीच पुस्तिका मोठ्याने वाचते. इतर लेखकांचं वाक्य फसलं तर लोक म्हणतात वाक्य फसलं. आमचं फसलं तर म्हणतात, याचं प्रभूशी काही बरं दिसत नाही. त्या भीतीने मी तीन वर्षं एकही फसू शकेल असं वाक्य लिहिलं नव्हतं. प्रेषित पौलाच्या विरोधकांचं म्हणणं त्यानेच पत्रात नोंदवून ठेवलंय, पत्रं वजनदार पण समोर पाहिलं तर माणूस दुबळा, बोलणं टाकाऊ. मला ते धाडस नव्हतं. मला पत्रंही वजनदार हवी होती आणि माणूसही.

पुढचं मात्र सुसाट आलं. खुर्ची, पिशवी, बिलं. शेजारच्या बाकावरच्या एका अनोळखी बाईने विचारलं होतं, तुमच्या वडिलांचं नाव काय, मी माझ्या मुलासाठी मागतेच आहे, त्यांचंही घेते. तेही लिहिलं. शेवटी रोमकरांस ८:२६ आणून छान बांधून टाकलं, आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो इत्यादी.

बाईंनी वाचलं. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि शेवटच्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. “परत ‘आपण’ आलं.”

“मग शेवट?”

“शेजारच्या बाईंनी नाव घेतलं. तिथेच थांबा.”

चार वाजता छापखान्याचा मुलगा कागद घेऊन गेला. बाकीची २९ तशीच गेली, गोवरासकट. वेळच नव्हता. रात्री दोनदा फोन हातात घेतला, ते पान परत मागायला. दुसऱ्या दिवशीही घेतला. माझं पत्र बाईंनी परत दिलं नाही, मीही मागितलं नाही.

पुस्तिका आली. २२ तारखेला सकाळी लवकर बाहेर पडायचा माझा बेत होता, पण आईने चष्मा लावून वाचायला सुरुवातसुद्धा केली होती. मी दारातच उभा राहिलो. ती नेहमीच्या संथ लयीत वाचत गेली. पहिल्या वाक्याला थांबली नाही. खाली माझं नाव होतं, तेही वाचलं. चष्मा काढून पुसला.

“११ नाही रे,” म्हणाली. “१२. गेले तो दिवस तू धरलाच नाहीस.”

मग पुस्तिका मिटून प्रार्थना तिनेच केली.