इंटरनेटचा डबा

माझा फोन २०१७ सालचा. अँड्रॉइड ७, काचेला डाव्या कोपऱ्यात तडा, बॅटरी एकदा बदललेली. २०२५ पासून त्यात डेटा नाही. घरी वायफाय आहे, पण उंबरठ्याबाहेर पाय टाकला की फोन म्हणजे नुसता फोन. लोकांना वाटतं मी काही व्रतबित घेतलंय. तसलं काही नाही. मी घरीच बसून मुद्रितशोधन करते, त्यामुळे पॅकमधला रोजचा दीड जीबी रोज रात्री बारा वाजता वाया जायचा. २०२४ च्या जुलैत रिचार्ज महागले तेव्हा ते फारच टोचायला लागलं. त्याच डिसेंबरात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना नुसत्या कॉल-एसेमेसचाही पॅक ठेवायला लावला आणि जानेवारीत तो आला. ८४ दिवसांचा घेतला. दुकानदाराने दोनदा बजावलं, "ताई, नेट नाही हां यात. मागाहून म्हणाल, सांगितलं नाही."

आता बाहेर जायचं असलं की आदल्या रात्री डबा भरते. ज्या भागात जायचं तिथला नकाशा उतरवून घ्यायचा, एसटीच्या वेळांचा स्क्रीनशॉट, लग्नपत्रिकेचा फोटो, वाचायला एखादी पीडीएफ. विसरलं तर उपाशी. गाणी लागतात ती एफएमवर, त्यालाही वायरचे इयरफोन खुपसावे लागतात, कारण ती वायरच अँटेना. या म्हाताऱ्याच्या डोक्यावर इन्फ्रारेडचा डोळाही आहे. टीव्हीचा रिमोट सोफ्यात गडप झाला की नवे फोनवाले सगळे माझ्याच दाराशी येतात.

मागच्या महिन्यात भोरजवळच्या एका गावात भाचीचा साखरपुडा होता. दादाने ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकलं होतं, ते मला उघडणार नव्हतं. स्वारगेटहून एसटी, हाफ तिकीट, खिडकीची जागा. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर नकाशा उघडला तर माझा निळा ठिपका कुठेच नाही. जीपीएसला डेटा लागत नाही हे खरं, पण मग उपग्रहाची जागा थेट उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि तो बोलतो सेकंदाला ५० बिट! स्वतःच्या जागेची अख्खी माहिती एकदा सांगायला त्याला अर्धा मिनिट लागतो, आणि मध्ये झाड, पूल नाहीतर शेजारच्या ट्रकचं धूड आलं की राहिलेलं पुन्हा ऐकायचं. डेटा असला की फोन हेच नेटवर्ककडून पटकन मागून घेतो. मी फोन काचेला चिकटवून धरला. शेजारच्या आजींना वाटलं मी शूटिंग करतेय, त्यांनी पदर सारखा केला. खेड-शिवापूर गेलं, चेलाडी फाटा आला, आणि तिथे ठिपका एकदम उगवला तो थेट हायवेवर, आमच्या गाडीबरोबर सरकत. कापूरहोळला गाडी भोरच्या रस्त्याला वळली तेव्हा तोही वळला. मला उगाचच अभिमान वाटला.

फजिती झाली ती भोरला, गजऱ्यांपाशी. चार गजरे, ऐंशी रुपये. माझ्याकडे पाचशेची नोट, मावशींकडे सुटे नाहीत. समोर क्यूआर आणि पैसे आले की बोलणारा डबा. माझ्या बँकेचं अ‍ॅप या फोनवर चालायचं केव्हाच थांबलंय, पण *९९# आहे ना! इंटरनेटशिवाय यूपीआय, मराठीतसुद्धा. फक्त त्याला क्यूआर दिसत नाही, नंबर द्यावा लागतो. मावशींनी नंबर सांगितला, मी एकेक आकडा दाबला, रक्कम टाकली, आणि पिन आठवेपर्यंत सत्र संपलं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पैसे गेले. मला बँकेचा एसेमेस आला, पण डबा गप्प. मावशी डब्याकडे बघतायत, मी डब्याकडे बघतेय, मागे गिऱ्हाइकं वाढतायत. त्यांचा दुकानाचा क्यूआर वेगळा आणि मोबाइल नंबरला जोडलेलं खातं वेगळं, हे डोक्यात यायला पाच मिनिटं गेली. "तो बोलत न्हाय तोवर मी कसं मानू?" त्या म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? शेवटी त्यांच्या मुलाने त्यांच्या फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला तेव्हा गजरे सुटले. आता कव्हरच्या आत शंभराची एक नोट चौघडी करून ठेवलीय. फोन थोडा फुगीर दिसतो.

साखरपुडा छान झाला. आमरस जरा पातळ होता, पण ते असो. रात्री साडेनऊला घरी आले, चपला काढतेय तोच वायफाय लागलं आणि फोन थरथरायला लागला. आलेले मेसेज आले आणि अडकलेले गेले. दोनच मिनिटांत दादाचा फोन.

"अगं, तू आत्ता कुठे निघालीस?"

सकाळी गाडी सुटताना सवयीने टाइप केलेलं "बसले गाडीत, येतेच" दिवसभर घड्याळाच्या चिन्हाखाली बसून होतं. ते आत्ता पोचलं.