आमचा तास किती मिनिटांचा?

घरगुती बागांची कामं करता करता आम्हाला पहिलं मोठं आवार मिळालं. एका कंपनीची इमारत आणि भोवती साधारण 9000 चौरस मीटर हिरवळ. ताशी दर काय लावायचा ते मी दोन ओळखीच्या व्यावसायिकांना विचारलं, त्यांच्यापेक्षा थोडा कमी धरला आणि काम घेतलं. वर्षभर गवत कापायची एकही फेरी चुकवली नाही, बिलंही वेळेवर चुकती झाली. वर्षअखेर हिशेब मांडला, तर सगळा आतबट्ट्याचा व्यवहार.

पैसा कुठे झिरपतोय हे पाहायला मी एक दिवस वही आणि घड्याळ घेऊन साइटवर उभा राहिलो. मोअरचं, म्हणजे गवत कापायच्या मशीनचं गणित बरोबर होतं. 1.2 मीटर रुंदीचं मशीन ताशी 5 किलोमीटरने चाललं तर कागदावर तासाला 6000 चौरस मीटर होतात. वळणं आणि पट्ट्यावर चढणारा पट्टा धरून प्रत्यक्षात 4500, म्हणजे दोन तासांचं काम. तेवढंच मी धरलं होतं. पण ट्रिमर (फिरत्या नायलॉनच्या दोरीने अडचणीतलं गवत कापणारं यंत्र) हातात घेतलेला आमचा माणूस मात्र एकेका दिव्याच्या खांबाभोवती फिरत होता. फुटपाथच्या काठाला घासून नायलॉनची दोरी तुटली की थांबायचं, डबी उघडायची, नवी दोरी गुंडाळायची. प्रत्येक वेळी चार मिनिटं. मग कडा, मग ब्लोअरने रस्ता साफ. मोअरचं काम कधीच संपलं होतं आणि काम अजून तीन तास चालू होतं.

त्या दिवसापासून मी आवाराचं क्षेत्रफळ नंतर मोजतो, आधी खांब, झाडं, बाकं आणि कडांची लांबी मोजतो.

दुसरी गोष्ट मजुरीची. माणसाला आठ तासांचे पैसे देतो. त्यातले गवतावर जेमतेम सहा जातात. बाकीचे मशीन चढवण्या-उतरवण्यात, प्रवासात, इंधन भरण्यात. म्हणजे मजुरी 100 धरली तर कामाच्या तासाला ती 133 पडते. त्यावर मशीनची झीज, पात्यांची धार, तेल बदलणं, विमा, ऑफिसचा खर्च. हा वरखर्च आम्ही पूर्वी बारा महिन्यांत वाटायचो. गवत काही बारा महिने सारखं वाढत नाही, त्यामुळे आता आम्ही वर्षाच्या खर्चाला वर्षात प्रत्यक्ष बिल होणाऱ्या तासांनीच भागतो. आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ पोटात गोळा होता.

नफ्याचीही एक चूक वर्षानुवर्षं केली. 20 टक्के नफा हवा म्हणून 100 खर्चावर 120 लावायचो. पण 120 मधले 20 म्हणजे 16.67 टक्केच. किमतीच्या 20 टक्के हातात राहायचे असतील तर खर्चाला 0.8 ने भागावं लागतं, म्हणजे 125. फरक पाचाचा दिसतो, पण खराब झालेलं मशीन बदलायचे पैसे त्या पाचातूनच येतात.

हा ताशी दर आम्ही ग्राहकाला सांगत नाही. तो आमच्या वहीत असतो. कोटेशनमध्ये प्रत्येक फेरीची ठरावीक रक्कम. ताशी दराने काम घेतलं की माणूस जितका तरबेज होईल तितकं बिल कमी, हे मला कधीच पटलं नाही. फक्त उंचीची अट स्पष्ट लिहितो. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं तर हिरवळ पिवळी पडते. ग्राहकाने मधली फेरी रद्द केली की उंच वाढलेलं गवत दोन टप्प्यांत, काही दिवसांच्या अंतराने कापावं लागतं. त्या जादा फेरीचे पैसे वेगळे.

त्याच पहिल्या कंपनीने कराराच्या नूतनीकरणाला रक्कम कमी करायला सांगितली. दर मी हलवला नाही. झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत काढून तिथे लाकडाच्या चिपांचं आच्छादन घालू, असं सुचवलं. तिथे ट्रिमर न्यावा लागणार नव्हता आणि दोरीने सालीला होणाऱ्या जखमाही थांबणार होत्या. त्यांनी मान्य केलं. आता त्या आवाराची फेरी पाचाऐवजी चार तासांत उरकते. त्यांची रक्कम कमी झाली आणि आमचा तास जसाच्या तसा राहिला.