‘वाळवण’ची प्रगती : क्लेरो, कॅसेट आणि एक पंचा

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की माझं घरी रेकॉर्ड होत असलेलं गाणं, ‘वाळवण’, दिवाळीपर्यंत पूर्ण होईल. दिवाळी झाली, फराळाचे डबे घासून फळीवर गेले, आणि गाणं पुढे सरकण्याऐवजी चार पावलं मागे आलं. आधीचा ४३ ट्रॅकांचा प्रोजेक्ट मी बंद करून टाकला आहे. त्यात माझाच आवाज अकरा वेळा होता. प्रत्येक वेळी अगदी हळू गायलो होतो, पण अकरा हळू आवाज एकत्र आले की ते हळू राहत नाहीत. सोसायटीच्या गणपतीतली आरती वाटते.

सगळं मोडून पुन्हा सुरू करायला कारण अमेरिकन गायिका क्लेरो. तिचा ‘चार्म’ हा अल्बम जुलै २०२४ मध्ये आला तेव्हा मी तो एकदा ऐकून ‘छान आहे’ म्हणून सोडून दिला होता. यंदा पावसाळ्यात पुन्हा लावला आणि एकाच प्रश्नाने डोकं खाल्लं. ही मुलगी इतकी हळू गाते, म्हणजे शेजारी बसून कानाशी बोलल्यासारखी, तरी ड्रम्सखाली दबत कशी नाही? माझा आवाज साध्या शेकरखाली, म्हणजे खुळखुळ्याखाली, दबतो.

मग दोन आठवडे डोंबिवली ते सीएसएमटी, जाता-येता, तेच हेडफोन, आणि क्लेरोचं सगळं क्रमाने. आकडेमोडीने वही भरली नाही. फक्त आवाज कुठे उभा आहे आणि त्याच्या आजूबाजूला कोण आहे, एवढंच टिपलं.

सुरुवात २०१७ च्या ‘प्रिटी गर्ल’पासून. हे गाणं आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असेल, निदान तो पलंगावर बसून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काढलेला व्हिडिओ तरी. खोलीत हाताशी जे होतं त्यावर केलेलं काम. ठोकळेबाज बीट, खेळण्यातल्यासारखा कीबोर्ड, आणि वर तो झोपाळू आवाज. इथे आवाज दबायचा प्रश्नच नाही, कारण बाकी काही आवाज करतच नाही. आपण सगळे घरी रेकॉर्ड करणारे याच पायरीवर खूश असतो, मीही होतो.

पुढे २०१९ चा ‘इम्युनिटी’. जोडीला निर्माता म्हणून रोस्तम बातमंगलीज, म्हणजे पूर्वी व्हॅम्पायर वीकेंड या बँडमध्ये असलेला. काही गाण्यांवर डॅनिएल हाइमचे खरे ड्रम्स आहेत. ‘बॅग्ज’ आठवा. ड्रम्स माणसाने वाजवलेत हे पहिल्या फटक्यात कळतं, पण आवाज मात्र जिथल्या तिथे आहे. ‘सोफिया’त गिटारवर एवढी खरखर चढते की पहिल्यांदा मला हेडफोनची वायर गेली असं वाटलं होतं. या अल्बममध्ये तिच्या हळू आवाजाला इतर आवाजांपासून वेगळं ठेवून वर उचललेलं ऐकू येतं. सुंदर काम आहे, पण ते रोस्तमसारख्याच्या हाताचं. मी तेच करायला गेलो की आरती होते.

२०२१ च्या ‘स्लिंग’बद्दल मी प्रामाणिकपणे सांगतो, तो ऐकताना मी एकदा झोपलो आणि थेट कल्याणला उठलो. न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरात अलेअर नावाचा स्टुडिओ आहे, तिथे निर्माता जॅक अँटोनॉफबरोबर केलेला हा अल्बम. बीट जवळजवळ गेला, लाकडी वाद्यं आली, आवाजावर आवाजाचे पदर आले. ‘ब्लाउज’ या गाण्यात मागे लॉर्ड ही गायिका गाते आणि ती आहे हे कळूही देत नाही. (नावामुळे आमच्या घरात पाच मिनिटं हशा झाला, तो भाग वेगळा.) चौथ्या फेरीला मात्र मला पटलं की ‘चार्म’ची अर्धी तयारी इथेच झालेली आहे. ती बिछान्यावरून उठून दुसऱ्या माणसांच्या खोलीत जाऊन बसली होती, फक्त अजून कोणी ठेका धरला नव्हता.

आणि मग ‘चार्म’. आता जोडीला निर्माता लिऑन मायकल्स, एल मायकल्स अफेअर या बँडवाला, सोल गायिका शॅरन जोन्सच्या बँडमधून आलेला, सोल संगीतात मुरलेला माणूस. काही काम पुन्हा अलेअरला, काही न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या डायमंड माइन स्टुडिओत. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि ते टेपवर घ्यायचं, अशी पद्धत. ड्रम्स कोरडे आणि आखूड, बेस गोल, वर वुर्लित्झर पियानो, बासऱ्या, मेलोट्रॉन हा फितीवर चालणारा कीबोर्ड. एका गाण्याचं नाव ‘जूना’. सत्तरीच्या दशकाचा वास असलेल्या अल्बमात ‘जुना’ नावाचं गाणं निघावं, हा विनोद फक्त आपल्यालाच कळणार. त्यातच ती तोंडाने तुतारी वाजवते, अक्षरशः ओठांनी. त्याबद्दल खाली सांगतो.

आता माझी चूक. ‘टेप’ हा शब्द वाचला आणि मी फक्त तोच धरून बसलो.

माळ्यावरून बाबांचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-कॅसेट, काढला. त्यात अजून अरुण दातेंची कॅसेट अडकलेली होती. कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड पुसलं तर कापूस चहासारखा तपकिरी निघाला. लॅपटॉपमधून गाणं इंटरफेसच्या (लॅपटॉपला माइक जोडायच्या डबीच्या) लाइन आउटने कॅसेटवर टाकायचं आणि परत आत घ्यायचं, असा बेत. पहिल्या दिवशी काळी एकमधलं माझं गाणं परत आलं ते काळी एक आणि पांढरी एक यांच्या बरोबर मध्ये. रबरी पट्टा सैल झाला होता, त्यामुळे भरताना एक गती आणि वाजवताना त्याहून कमी. वाजवताना गती तीन टक्क्यांनी कमी झाली की सूर साधारण अर्ध्या सेमीटोनने उतरतो. आता तुम्ही गिटार कुठे लावणार? पट्टा बदलला, मागच्या छोट्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून मोटरची गती ट्यूनरवर बघत जुळवली. हे करायला अख्खा रविवार गेला, पण मजा आली.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते आणि स्टुडिओतली रिळं बहुतेक वेळा ३८, त्यामुळे आपल्याला त्यांचा गुबगुबीत आवाज मिळणार नाही. आपल्याला मिळतो तो सरसर आवाज आणि हेलकावा. दुसरं, गाण्यातला एकेक ट्रॅक वेगळा टेपवर फिरवून परत लावायला जाऊ नका. साडेतीन मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी माझी गिटार आवाजापेक्षा पाऊण सेकंद मागे होती. टेप आणि लॅपटॉप यांची घड्याळं वेगळी चालतात. पूर्ण मिश्रण एकदाच फिरवा, नाहीतर सगळंच एकत्र टेपवर घ्या.

पण एवढं करून जे आलं ते म्हणजे तीच आरती, फक्त जुन्या कॅसेटवरची.

याच काळात एक जोडप्रकल्प मात्र जमला. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली फितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की साधारण आठ सेकंद तो वाजतो आणि संपतो, मग बोट उचलून स्प्रिंगने फीत मागे येईपर्यंत थांबायचं. ऑफिसातला एक मित्र बासरी वाजवतो. त्याला कँटीनच्या जिन्यात उभं करून दहा स्वर घेतले, प्रत्येकी आठ सेकंद, जमेल तितके सरळ. ते कॅसेटवरून फिरवले आणि सँपलरमध्ये (रेकॉर्ड केलेले स्वर पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकले, लूप न करता, म्हणजे स्वर पुन्हा पुन्हा चालू न ठेवता. स्वर संपतो हे माहीत असल्यामुळे हात आपोआप लवकर बदलतो, मोकळ्या जागा पडतात. लूप चालू ठेवून मी तेच वाजवलं तर मालिकेच्या रडक्या प्रसंगासारखं झालं. जिन्यातला घुमारा आयता मिळाला.

वुर्लित्झरचं काय करायचं? तो विजेवरचा पियानो, आत पोलादी रीड आणि त्यांवर पडणाऱ्या हातोड्या. माझ्याकडे तो नाही, ताईची पेटी आहे. पेटीतही रीडच, पितळी, फक्त हवेवर थरथरणारे. पेटीवर ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त करणारा इफेक्ट) लावून बघितला तर जत्रेतला पाळणा फिरू लागला. ताई म्हणाली, “पेटीला असलं काही करणार असशील तर मी घेऊन जाते परत.” शेवटी काही न लावता खालचं सप्तक, भाता अर्धाच दाबलेला, आणि माइक पुढे न ठेवता मागच्या बाजूला, म्हणजे पट्ट्यांची खटखट येत नाही. हे चक्क आवडलं. मऊ, किंचित थकलेला आवाज. एक लक्षात ठेवा, पेटी कुणासाठी सूर बदलत नाही. गिटार पेटीला लावा.

तर खरी नोंद आता. गेल्या रविवारी हॉलमध्ये तिघं बसलो. मी गिटार आणि गाणं, ताई पेटीवर, मावसभाऊ काहोनवर, म्हणजे बसून हाताने वाजवायच्या लाकडी खोक्यावर. हॉल दहा बाय चौदा. दोन गाद्या भिंतीला उभ्या, खिडकीवर सोलापुरी चादर, पंखा बंद. क्लिक, म्हणजे हेडफोनमधली ठेक्याची टिकटिक, नाही. माइक तीनच. माझा माइक तोंडापासून वीतभर होता, म्हणून पुढचा माइक त्यापासून निदान तीन विती लांब, हा जुना नियम पाळला.

पहिला टेक ऐकला आणि बसलोच. माझ्या आवाजाच्या माइकमध्ये माझ्यापेक्षा काहोन जास्त होता. आवाज वर केला की काहोनही वर. कंप्रेसर (मोठा आवाज दाबून हळू आवाज वर आणणारा इफेक्ट) लावला तर तो माझ्या प्रत्येक श्वासात काहोनला ओढून पुढे आणायचा. घरी एकेक ट्रॅक करणाऱ्याला हा प्रश्नच कधी पडत नाही, मला तर त्याची सवयच नव्हती. मी म्हटलं, मी जरा मोठ्याने गातो. गायलो. गाणं मेलं. ‘वाळवण’ हे दुपारी गच्चीवर कुरडयांची राखण करणाऱ्या मुलीचं गाणं आहे, ती खालच्या लोकांना ऐकू जाईल असं कशाला गाईल?

ताई म्हणाली, “तू नको बदलूस. ह्याला सांग हळू वाजवायला.”

मावसभावाने हळू वाजवलं तर ठेकाच ढेपाळला. मग बाल्कनीतला सुती पंचा आणला, चौपदरी करून काहोनच्या तोंडावर टांगला आणि त्याला सांगितलं की आता पाहिजे तसं वाजव, फक्त बोटांनी. सत्तरीच्या दशकात ड्रम्सवर टॉवेल टाकायचे ते ह्यासाठी, हे मी शंभर ठिकाणी वाचलं होतं. मला तो आवाजाचा एक रंग वाटायचा. खोलीत बसल्यावर कळलं की तो रंग नंतरचा, आधी ड्रम्सचा आवाज खाली आणणं. काहोनचा आवाज खाली बसला, मग ताईचा भाता आपोआप सैल झाला, मग मी गिटारचं पिक ठेवून अंगठ्याने वाजवायला लागलो. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. सगळे माझ्या आवाजाच्या उंचीला उतरले.

त्या रात्री ‘चार्म’ पुन्हा लावला, आणि मला वाटतं मी पहिल्यांदा तो नीट ऐकला. तिचा आवाज ‘प्रिटी गर्ल’पासून फारसा मोठा झालेलाच नाही. तिथे ती एकटी होती म्हणून ऐकू यायची. इथे पूर्ण बँड आहे आणि ड्रमरसकट सगळे तिच्याएवढंच हळू वाजवतायत, तरी ठेका झोपलेला नाही. मी तो गुण टेपच्या नावावर लिहिला होता.

सातवा टेक ठेवला आहे. मिनिटाला ८४ ठोक्यांना सुरू होऊन ८८ ला संपतो, मुद्दाम मोजलं, आणि तसंच ठेवणार आहे. दुसऱ्या अंतऱ्यानंतर मी तोंडाची तुतारी करून बघितली. क्लेरो करते तेव्हा ते लाडिक वाटतं. मी केलं तेव्हा ताई पेटी सोडून हसली. तुतारी कापता येत नाही कारण ती तिन्ही माइकमध्ये आहे, आणि हसणंही. तेही राहू दिलं. दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांवर शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी आहे, ती योगायोगाने जवळपास सुरात आहे. काळी एकचा पंचम म्हणायला हरकत नाही.

बाकी आहे ते एवढंच. बासरीचा मेलोट्रॉन शेवटच्या कडव्यात घालायचा, पूर्ण मिश्रण एकदा टू-इन-वनवरून फिरवायचं, आणि ताईची तक्रार आहे की पेटी ऐकू येत नाही. मी पेटी दीड डेसिबलने वर केली, आवाजही बरोबर वर आला, कारण पेटीच्या माइकमध्ये मीही आहे. आता तिला काय सांगायचं ते ठरवतो आहे.