दारूचं माप

"सध्या काय चाललंय?" या आईच्या रविवारच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं, "शेजारच्या आजोबांचं दारूचं माप दुरुस्त करतोय." फोन इतका वेळ गप्प झाला की मला वाटलं, लाइन तुटली. मग आई म्हणाली, "म्हणजे पेग मोजायचं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघताच, "सांभाळून राहा रे बाबा परक्या देशात."

तिची काही चूक नाही. बाटलीतली आणि बंदुकीतली, दोन्हींना मराठीत एकच शब्द. तोही फारसीतून आला तेव्हा औषध हा अर्थ घेऊन आला होता; 'दवादारू'त तो बिचारा अजून आपली मूळ नोकरी सांभाळून आहे. बाकी दोन्ही दारवा पेट घेतात आणि दोन्हींचं माप चुकलं की घरचे रडतात, एवढं साम्य आहेच.

माझ्या हाती आलेलं माप दुसऱ्या दारूचं. अमेरिकेत पुष्कळ लोक आपली काडतुसं घरी भरतात. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, पण पितळेची पुंगळी शाबूत राहते. ती साफ करून, दाबून पूर्वीच्या आकारात आणून, दारू पेटवणारी नवी टोपी बसवून, मोजून दारू घालून, वर नवी गोळी बसवली की काडतूस पुन्हा तयार. स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही, विकायला लागतो. मी स्वतः आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही आणि धरायची हौसही नाही. पण टेबलाला घट्ट धरून बसलेलं बिडाचं जुनं यंत्र दिसलं की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. आजोबांना हे ठाऊक होतं. त्यांनी खोका उघडून फक्त माझ्यासमोर ठेवला आणि ते हवापाण्याबद्दल बोलत बसले.

यंत्र साधं आहे. वर दारू भरायची उभी नळी, तिच्याखाली बिडाचं अंग, अंगात आडवा फिरणारा दंडगोल आणि त्या दंडगोलात एक खळगा. दांडा एका बाजूला केला की खळगा वरच्या नळीखाली येतो आणि भरतो; दुसऱ्या बाजूला केला की तो उपडा होतो आणि दारू खालच्या तोटीतून पुंगळीत पडते. खळग्याची खोली कमीजास्त करायला एक स्क्रू आणि तो जागचा हलू नये म्हणून दुसरा. बस्स. अंगावर ओतलेलं कंपनीचं नाव गंजाने खाल्लं होतं, पण चेहरेपट्टी आयडियल घराण्याची वाटत होती. जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने १८८४ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू हेवनला ही कंपनी काढली आणि १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. या धंद्यातल्या जुन्या नावांचं असंच आहे. मूळच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅसिफिक कंपनीला १९७१ मध्ये हॉर्नडी कंपनीने घेतलं. काही कंपन्यांना तर घेणारंही कुणी भेटलं नाही, त्या नुसत्याच मिटल्या. अशा मापाचा मालक सुटा भाग शोधायला निघाला की त्याला आधी वंशावळ काढावी लागते. आडनाव बदललेल्या माहेरवाशिणीचा पत्ता शोधण्यासारखंच ते.

लोक याला वजनाचं यंत्र समजतात, पण ते वजन करत नाही. ते धान्याच्या मापासारखं आहे, सोनाराच्या तराजूसारखं नाही. अधोली-पायलीच्या जातीचं हे यंत्र, पण त्याच्याकडून अपेक्षा तोळ्या-माशाच्या अचूकपणाची. इथे हिशोब ग्रेनमध्ये चालतो. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. हा ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा, जशी आपली गुंज म्हणजे मुळात गुंजेची बी. या दोघांची सोयरीकसुद्धा झालेली आहे. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला, आणि ९६ गुंजांचा तोळा धरला तर एक गुंज भरते पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. म्हणजे पिस्तुलाच्या लहान काडतुसात अडीचएक गुंजा दारू आणि मोठ्या रायफलीच्या काडतुसात पाव तोळा. हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी गुंज बघायला मागितली. फोनवर चित्र दाखवलं, तर म्हणाले, इतक्या सुंदर गोष्टीने सोनं तोलायचं आणि आम्ही बघा, बार्लीच्या दाण्याने.

आता आपली बाजारातली जुनी तक्रार आठवा. अधोली हलक्या हाताने भरली तर धान्य कमी बसतं, दोनदा आपटली तर जास्त. माप तेच, शीगही तीच, पण माल वेगळा. मापातलं पाप बहुतेक वेळा मापात नसतंच, ते हातात असतं. दारूच्या मापाचंही तसंच. दांडा कधी हळू कधी जोरात मारला, कधी मध्येच थांबला, की खळग्यात दाणे कमीजास्त बसतात. म्हणून जाणकार म्हणतात की दांड्याची लय एकदा धरली की सोडू नये.

आजोबांच्या मापाच्या दर्शनी बाजूला दोन कान होते आणि त्यांत आरपार भोक. तिथे काहीतरी टांगलेलं असणार. पण काय? दोन दिवस मी त्या कानांकडे बघत होतो. घंटा असेल, भरून झाल्याची वर्दी देणारी? कुलूप असेल? मग आयडियलच्या ५५ क्रमांकाच्या मापाचं चित्र पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथे एक इवलीशी हातोडी असते. बोटाने उचलायची आणि सोडायची, ती अंगावर टक् करून आपटते. दांडा वर गेला की टक्, म्हणजे दाणे बसतात. खाली आला की टक्, म्हणजे तोटीत अडकलेले दाणे सुटतात. दाणेवाल्याच्या हाताची लबाडी कुणीतरी यंत्राला जोडून तिला प्रामाणिक करून टाकलं होतं, प्रत्येक वेळी सारखीच आपट! मी लगेच तिचं बारसं केलं, टकटकी.

टकटकीचा नकाशा कुठे मिळणार? अशा सुट्या भागाचं दुखणं हेच. भाग हरवला की त्याच्याबरोबर तो तसाच का केला होता याचं कारणही हरवतं, आणि तुमच्याकडे उरतात फक्त दोन कान. पहिली टकटकी मी अॅल्युमिनियमची केली, कारण तुकडा हाताशी होता. ती अशी आपटायची, जणू दारावर उधारी मागायला आलेला संकोची माणूस. दुसरी पोलादाची, तिने टेबलासकट सगळं हलवलं आणि मधल्यामध्ये तोटीतून चार दाणे फुकट सांडले. तिसरी पितळेची, लेथवर कातून, भोक पाडून, पिन घालून. ती सोडली आणि जो आवाज आला, तो आजोबा दारातून ऐकून म्हणाले, हां, हाच. लहानपणी तळघरातून हा आवाज यायचा, वडील काडतुसं भरायला बसले की. मी वजन करून ठरवत होतो, त्यांनी कानाने ठरवलं.

हे सगळं बेतायला मी एक गाढवपणा केला, तोही सांगून टाकतो. दारू हाताळायची नाही हा माझा बाणा, म्हणून चाचणीसाठी मी स्वयंपाकघरातून खसखस उचलली. बारीक, गोल, काळसर. दिसायला अगदी हवी तशी. तासभर मजेत दांडा मारला. मग आजोबा आले, त्यांनी खळग्यात बोट फिरवलं, बोट चोळलं आणि मान हलवली. खसखशीला तेल असतं, आणि या यंत्राचा एकमेव शत्रू म्हणजे तेल. तेलाच्या पातळ थरालाही दारूचे दाणे चिकटतात, गठ्ठा होतो आणि पुढचं माप कमी पडतं. मग तो गठ्ठा अवचित सुटला की त्याच्या पुढचं जास्त. दंडगोल फिरताना अडतो म्हणून कुणी तेलाचा थेंब सोडला की संपलं. इथे वंगण म्हणून चालतं ते ग्रॅफाइट, आणि ते दारूच्या दाण्यांवर आधीच माखलेलं असतं. म्हणून नवं माप घेतलं की पौंडभर दारू नुसतीच खालीवर फिरवून घेतात. खळगा काळा होतो आणि मऊ चालू लागतो. मी अख्खी संध्याकाळ सॉल्व्हंट घेऊन खसखस पुसत बसलो. बायकोने विचारलं, खसखस कुठे गेली. मी म्हटलं, यंत्राने खाल्ली.

स्क्रूची कथा छोटी आहे, पण शिकवण जुनी. खळग्याची खोली पक्की करणारा स्क्रू नव्हता. माझ्या डब्यातला चार मिलिमीटरचा स्क्रू भोकात गेला, फिरलाही, आणि दोन-तीन फेऱ्यांनी अडला. मी जोर लावणार, तेवढ्यात शहाणपण आलं. जोर लावला असता तर बिडातले आटे कायमचे गेले असते. आटे मोजायचा गेज लावला तर निघाले इंची, ८-३२, म्हणजे आठ नंबर जाडीचे आणि इंचाला ३२ आटे. व्यास ४.१७ मिलिमीटर, आट्याआट्यांतलं अंतर ०.७९ मिलिमीटर, आणि माझ्या स्क्रूचं ०.७. इतका फरक डोळ्याला दिसत नाही, भोकाला बरोबर कळतो. माझं नशीब म्हणायचं की हे माप नेहमीच्या आट्यांचं होतं. विल्यम सेलर्सने १८६४ मध्येच फिलाडेल्फियात सगळ्या अमेरिकेसाठी एक आट्यांची पद्धत मांडली होती, पण लहान स्क्रूंच्या दुनियेत ज्याचे त्याचे आटे पुढेही बरीच वर्षं चालत राहिले. तसं माप पदरी पडलं की आधी आटे पाडायचा टॅप बनवा, मग स्क्रू बनवा.

दंडगोलाला मात्र मी हात लावला नाही. तो थोडा झिजला होता, अंगात किंचित हलत होता. माझा मित्र म्हणाला, नवा कातून टाक. नाही टाकला. दंडगोल आणि अंग हे जोडीने घासून एकमेकांना बसवलेले असतात. नवा करायचा तर त्यांच्यामधली फट जमायला हवी. फट जास्त झाली तर दाणे तिच्यात शिरतात, कमी झाली तर दांडा जाम. शिवाय ही मापं ज्या काळात बेतली, तेव्हाची दारू जाडी होती. शेवयांच्या चुऱ्यासारखे तिचे दाणे दांडा फिरताना धारेवर करकर कापले जातात, एवढीच तिची कुरकुर. गोल दाण्याची बारीक दारू १९३३ मध्ये वेस्टर्न कार्ट्रिज कंपनीत फ्रेड ओल्सेनने काढली; ती खळग्यातून सुरेख वाहते आणि झिजलेल्या फटीतूनही तितकीच सुरेख वाहते. आजोबांनी ठरवलं, या मापात आपली शेवयांचीच घालायची. आणि भरलेलं माप काट्यावर तोलून बघायचंच, दर काही काडतुसांनी एकदा. काही वेगवान दारू इतकी थोडी लागते की पिस्तुलाच्या पुंगळीत चुकून दोनदा पडली तरी सहज मावते, आणि बाहेरून काही कळत नाही. माझ्या हाताने बसवलेला स्क्रू तिथे आहे म्हटल्यावर हा काटा मला त्यांच्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटला. मी तसं दोनदा बोलून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी मला काटा काढून दाखवला.

शेवटी राहिली वरची नळी. ती तडकली होती, मधासारखी पिवळी पडली होती. तेवढ्याच व्यासाची अॅक्रिलिकची नवी नळी मापाने कापली, कडा घासल्या, काम अर्ध्या तासाचं. जुनी टाकून देणार होतो. सहज उजेडात धरली. तिच्या आत खालपासून निम्म्यापर्यंत तपकिरी डाग होता आणि वर एक सरळ रेघ. त्या रेघेपर्यंत कधीकाळी दारू भरून ठेवलेली असणार, आणि बराच काळ तशीच राहिलेली. काही दारूंमध्ये नायट्रोग्लिसरीन असतं, ते प्लास्टिक खातं. खरं तर काम संपलं की माप रिकामं करायचं, उरलेली दारू तिच्या मूळ डब्यात परत ओतायची, हा या छंदाचा पहिला नियम. नळीतली दारू कुठल्या जातीची हे चार दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

मी आजोबांना विचारलं, तुमचे वडील विसरायचे का असं?

कधीच नाही, ते म्हणाले. एकदाच राहिली. ते वर जेवायला गेले होते.

जुनी नळी त्यांनी माझ्याकडून घेतली, हातरुमालात गुंडाळली. मग नव्या नळीत दारू ओतली, दहा काडतुसं भरली. प्रत्येक दांड्याला टक्, टक्. झाल्यावर उरलेली दारू डब्यात ओतली, झाकण लावलं, नळी उजेडात धरून बघितली, आणि तळाला राहिलेला एक दाणा काढायला टकटकी पुन्हा एकदा सोडली.