नर्सिंगची सुरुवात शाळेतून करावी का?

जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा रिझल्ट लागला की मुलींचे फोन सुरू होतात. ‘ताई, शाळेत सिस्टरची जागा निघालीय. नाइट नाही, रविवारी सुट्टी, मे महिन्यात तर महिनाभर. घेऊ का?’ तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. मी मुंबईत शाळेत सिस्टर आहे, त्याआधी लहान मुलांच्या वॉर्डात होते. माझं म्हणणं असं, की जरूर घ्या, पण आधी वर्ष-दोन वर्षं वॉर्ड करून या. पीडियाट्रिक किंवा कॅज्युअल्टी मिळाली तर उत्तमच.

वॉर्डात अडलं तर हाक मारायला इन्चार्ज सिस्टर असतात, आरएमओ म्हणजे ड्यूटीवरचे डॉक्टर असतात. शाळेच्या मेडिकल रूममध्ये तुम्ही आणि एक मावशी. पोर पोट धरून आलं, तर त्याला वर्गात परत धाडायचं, जरा पडू द्यायचं, आईला फोन लावायचा की थेट हॉस्पिटल गाठायचं, हे तुम्हीच ठरवायचं. तेही झटपट, कारण दारात आणखी तिघंजण उभी असतात. सोमवारी सकाळी दुखणारी बरीच पोटं गृहपाठाची असतात. पण बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं उजवीकडे खाली सरकलं, पोर वाकून चालायला लागलं आणि ‘एक उडी मार बघू’ म्हटल्यावर नको म्हणालं, तर अपेंडिक्सची शंका घ्यायचीच. ही नजर पुस्तकातून येत नाही. खूप आजारी मुलं पाहिल्यावरच ती येते.

एक प्रसंग सांगते. पाचवीतला एक मुलगा, टाइप वन डायबेटिसचा. पीटीच्या तासानंतर बाई त्याला घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘उगाच चिडचिड करतोय, ऐकतच नाही.’ मी हात धरला तर तळवा गार आणि ओलाचिंब, बोटं थरथरत होती. ग्लुकोमीटरवर शुगर ५४, म्हणजे फारच कमी. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली, वर आली तशी बिस्किटं दिली आणि मग आईला फोन. हॉस्पिटलमध्ये तो पेशंट म्हणूनच आला असता. वर्गात मात्र तो चाळीसजणांतला एक असतो आणि त्याची लक्षणं दंगा वाटतात. म्हणून जूनमध्ये पहिलं काम हेच: दमा, फिट्स, डायबेटिस, अॅलर्जी असलेल्या मुलांची यादी करायची आणि त्यांच्या वर्गशिक्षकांशी स्वतः जाऊन बोलायचं.

शाळेत नर्स का हवी, याचं उत्तर मला लीना रॉजर्स या नर्सच्या कामात मिळालं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा खरूज, उवा, डोळ्यांचे आजार दिसले की डॉक्टर मुलांना घरी पाठवत, उपचार मात्र कुणी करत नसे. १९०२ मध्ये लीनाबाईंना प्रयोग म्हणून चार शाळा दिल्या. त्या शाळेतच ड्रेसिंग करत, घरी जाऊन आईला शिकवत. सप्टेंबर १९०२ मध्ये शहरात १०,०००हून अधिक मुलं घरी पाठवली होती. वर्षभरात नर्सेस वाढल्या आणि पुढच्या सप्टेंबरात हा आकडा सुमारे १,१०० वर आला. मूल वर्गात बसलं पाहिजे, हे आपलं काम.

औषधांचं मात्र सांभाळून. शाळेच्या डॉक्टरांकडून लेखी स्टँडिंग ऑर्डर (कोणत्या त्रासाला कोणतं औषध द्यायचं, याची आधीच दिलेली सूचना) आणि पालकांची संमती घेतल्याशिवाय साधी पॅरासिटामॉलही देऊ नका, आणि द्यायची ती वजन पाहून. पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटला की डेंगी डोक्यात ठेवा, आयबुप्रोफेनला हात लावू नका. नाकातून रक्त आलं की कुणीतरी मान मागे करतंच. ती पुढे करा, नाकाचा मऊ भाग सलग १० मिनिटं दाबून धरा.

आणि हे कुणी शिकवत नाही. दुखत नसतानाही मुलं तुमच्याकडे येतील. पहिल्यांदा पाळी आलेली, रडवेली मुलगी येईल. एखादं मूल पलंगावर पडल्या पडल्या घरातलं असं काही सांगेल की तुमचा थरकाप उडेल. त्याला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्या मुलाशेजारी बसून राहणं, हे माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात मोठं नर्सिंग.

पगार बहुधा मोठ्या हॉस्पिटलपेक्षा कमी असतो. घरची अडचण असेल आणि आत्ताच शाळा घ्यावी लागत असेल, तर जिथे आधीपासून एक सीनियर सिस्टर आहे अशी शाळा शोधा. इंटरव्ह्यूला गेलात की मेडिकल रूम दाखवायला सांगा. नेब्युलायझर (दम लागल्यावर वाफेसारखं औषध देणारं यंत्र), ग्लुकोमीटर, ऑक्सिजन आहे का, डॉक्टर किती वेळात येतात, मुलाला हॉस्पिटलला न्यायचं तर सोबत कोण जाणार आणि तेवढा वेळ खोलीत कोण थांबणार, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला प्रिन्सिपल अडखळले, तर दुसरी शाळा बघा.