मिनिस्टर म्हंजी कुठल्या पार्टीचा?

गेल्या महिन्यात रात्री अडीच वाजता आमच्या साताऱ्याच्या घरात माझ्या भाचीचं लग्न लागलं. म्हणजे लागलं अमेरिकेत पिट्सबर्गला, तिकडं संध्याकाळचे पाच वाजलेले आणि इकडं आम्ही सगळे लॅपटॉपसमोर, ताई नऊवारी नेसून, दाजी टोपी घालून पण खाली लुंगी, आणि मध्ये आई, वय ब्याऐंशी, मुठीत अक्षता धरून. मंगलाष्टका कधी सुरू होतात याची वाट बघत बसलेली.

"भटजी कुठाय?"

"आई, तो काळा कोटवाला."

"त्यो? त्यो तर मोबाईल बघतोय."

"त्यात बघूनच वाचतोय."

आता तो कोटवाला म्हणजे भाचीच्या ऑफिसातला मित्र, सॉफ्टवेअरवाला. मी आईला सांगायचा प्रयत्न केला की तिकडं लग्न लावायला मिनिस्टर लागतो आणि ह्याने ऑनलाईन फॉर्म भरलाय म्हणून हा आता मिनिस्टर झालाय. आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मिनिस्टर म्हंजी कुठल्या पार्टीचा?" पुढं समजलं की हा पाद्रीतला प्रकार आहे, मग दुसरी काळजी, पोरगी किरिस्ताव झाली काय. न्हाई गं आई. तेवढ्यात तिकडं अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या झाल्या, आईने अक्षता थेट स्क्रीनवर टाकल्या आणि आम्ही झोपायला गेलो.

झोप कसली येतीय. पडल्या पडल्या मोबाईलवर शोधत बसलो की हे असलं लग्न तिकडच्या कायद्यात बसतं का. नको ते करून बसलो.

तो मित्र ज्यातून मिनिस्टर झाला त्याचं नाव युनिव्हर्सल लाईफ चर्च, मूळचं कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो गावचं. कर्बी हेन्सली नावाच्या माणसाने सुरू केलं आणि मागेल त्याला मिनिस्टर करत सुटला, आधी टपालाने, आता इंटरनेटवरून, पाच मिनिटांत आणि फुकट. तुम्ही काय मानता, देव आहे का नाही, काही विचारत नाहीत. आपल्याकडं कुणी असं वाटायला लागलं तर पहिल्या आठवड्यात अख्ख्या सातारा जिल्ह्यात भटजी जास्त आणि यजमान कमी अशी अवस्था होईल.

पण गंमत म्हणून वाचत गेलो आणि नंतर उठूनच बसलो. कारण तिकडच्या बऱ्याच राज्यांचा कायदा विचारतो की लग्न कुणी लावलं, जज्जने की धर्मगुरूने, आणि धर्मगुरू म्हणायचं कुणाला यावर कोर्टात भांडणं झालेली आहेत. न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने १९८९ साली अशा चर्चच्या मिनिस्टरने लावलेलं लग्न बाद धरलं. टेनेसीने २०१९ मध्ये कायदाच केला की ऑनलाईन मिनिस्टर झालेल्यांनी लग्नं लावायची नाहीत. आणि आमच्या भाचीच्या पेनसिल्व्हेनियात, यॉर्क काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) जज्जने २००७ ला निकाल दिलेला की ज्याला स्वतःची नियमित मंडळी नाही, प्रार्थनेला जमणारे लोक नाहीत त्याने लावलेलं लग्न अवैध. पुढच्याच वर्षी बक्स काउंटीच्या कोर्टाने उलटं सांगितलं. म्हणजे एकाच राज्यात इकडच्या तालुक्यात नवरा-बायको आणि घाट ओलांडला की कुणीच नाही. कराडला लग्न झालेलं, पाटणला सुटलेलं. ही काय पद्धत झाली?

सगळ्यात भारी केस नॉर्थ कॅरोलिनाची, १९८० ची. एका माणसावर दोन बायका केल्याचा खटला. पहिलं लग्न कुणी लावलं, तर दहा डॉलर देऊन टपालाने मिनिस्टर झालेल्या माणसाने. त्या राज्याचं सुप्रीम कोर्ट म्हणालं हे लग्न कायद्याच्या लेखी नाही, मग पहिलं लग्नच नाही तर दुसरं कुठलं, सुटला गडी. मग दुसऱ्या वर्षी तिथल्या सरकारला घाईघाईने कायदा करावा लागला की ३ जुलै १९८१ च्या आधी अशा मिनिस्टरांनी लावलेली लग्नं धरा चालली म्हणून.

हे वाचताना मला आपला भाऊराव लोखंडेचा खटला आठवला (वकिलाकडं तीन वर्षं टायपिंग केलंय मी, असल्या गोष्टी डोक्यात राहतात आणि घरचं सामान आणायचं विसरतो). १९६५ चा, आपल्या महाराष्ट्रातला. गड्याने पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं, पण गांधर्व पद्धतीने, होम नाही सप्तपदी नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं विधीच झाले नाहीत तर दुसरं लग्न झालंच कुठं, सोडा त्याला. तिकडं पहिलं लग्न कच्चं म्हणून सुटला, इकडं दुसरं कच्चं म्हणून सुटला. दोन्हीकडं बायकांचं काय झालं ते निकालात सापडत नाही.

फरक एवढाच की तिकडं प्रश्न लग्न कुणी लावलं, इकडं प्रश्न लग्नात काय काय केलं. आपला हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याचं कलम ७ वाचा, भटजी हा शब्दच नाही त्यात. दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. लावलं कुणी हे कायदा विचारतच नाही. तमिळनाडूत तर १९६७ ला ७-अ जोडलंय, नातेवाईक-मित्रांसमोर हार घातले, अंगठी घातली किंवा ताली (तिकडचं मंगळसूत्र) बांधली की झालं. पण विधी न करता नुसतं सर्टिफिकेट आणलं तर चालत नाही हेही सुप्रीम कोर्टाने २०२४ ला सांगितलं, ते पायलट जोडपं होतं बघा, कुठल्याशा समितीचा कागद घेऊन रजिस्ट्रेशन करून बसलेलं आणि लग्न पुढं करू म्हणत होते.

आता कायद्यात भटजी नसला तरी नोंदणीच्या फॉर्मात आहे हे मला स्वतःला माहितीय. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने नोंदणी होते, त्या फॉर्मात नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि पुरोहिताची सही. माझ्या वेळी मी सगळं घेऊन गेलो, खिडकीतला माणूस म्हणाला भटजींची सही राहिली. आमचे भटजी म्हणजे सीझनमध्ये फोन न उचलणारे. आठ दिवस मागं फिरलो, शेवटी कोरेगावला एका सत्यनारायणाच्या बाहेर गाठले, त्यांनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाले, "लग्न नीट चाललंय ना?" सही वाकडी आली. अजून तेच सर्टिफिकेट पासपोर्टला चालतंय.

असो, तर रात्री साडेचारला मी भाचीला मेसेज टाकला. यॉर्क काउंटी, २००७, सगळं कॉपी-पेस्ट, खाली तीन उद्गारचिन्हं. तिचा लगेच फोन. मागं गाणी चाललेली, स्वतःच्या लग्नाच्या पार्टीतून फोन करतीय बिचारी.

"मामा, चिल. आम्ही सेल्फ-युनायटिंग लायसन्स काढलंय."

हे म्हणजे पेनसिल्व्हेनियाची खास भानगड. तिथं जुन्या काळापासून क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक, त्यांच्यात पाद्रीच नसतो, सभेत उभं राहून दोघांनी एकमेकांना वचन द्यायचं, जमलेले सगळे साक्षी. त्यांच्यासाठी कायद्यात सोय केलेली की लग्न लावणारा नसला तरी चालेल, दोन साक्षीदारांच्या सह्या बास. नंतर क्वेकर नसलेल्यांनाही ते मिळायला लागलं, त्यासाठी पिट्सबर्गच्याच एका जोडप्याला २००७ ला कोर्टात जावं लागलेलं. थोडे जास्त पैसे पडतात म्हणे लायसन्सचे. म्हणजे तो कोटवाला मित्र नुसता शोभेला होता! कायद्याच्या लेखी तो निवेदक. त्याला हे सांगितलं नाहीये म्हणाली, वाईट वाटेल, महिनाभर पाठ करत होता.

(न्यूयॉर्कने आता बरं केलंय, २०२३ पासून पंचवीस डॉलर भरून कुणीही एका दिवसापुरतं लग्न लावायची परवानगी काढू शकतो. हे खरं सरळ काम. चर्चचं सोंग कशाला.)

सकाळी चहाला आईला सांगितलं की काळजी करू नको, भटजी नसला तरी तिकडं चालतं. मला वाटलं आता लेक्चर ऐकायला लागणार. ती म्हणाली, "मला काय सांगतोस, माझ्या चुलत्याचं लगीन बिन भटजीचंच लागलेलं." वाळवा तालुक्यातलं माहेर आईचं. तेव्हा सांगली वेगळी नव्हती, सगळा साताराच, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. त्या लोकांनी गांधी लग्नं लावली गावोगाव. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही, हार घालायचे, कार्यकर्ते दोन शब्द बोलणार, संपलं. इंग्रज सरकार ज्यांना पकडायला फिरतंय ती माणसं लग्नं लावतायत, त्यांच्याकडं कुठलं लायसन्स असणार! आणि त्याच्याही आधी सत्यशोधक होतेच, जोतीराव फुल्यांनी समाज काढला १८७३ ला आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिलं लग्न भटजीशिवाय लावलं. ओतूरच्या जोशांनी तर कोर्टात दावा टाकला की आम्हाला बोलावलं नाही तरी दक्षिणा आमचीच. ऑनलाईन मिनिस्टरवाले निदान फुकट तरी लावतात.

तर मी म्हटलं, बघ आई, मग नातीचं पण तसंच झालं की. त्यावर ती पटकन म्हणाली, "तसं कसं? तिथं सारं गाव हुतं. उद्या त्यानं तिला टाकली असती तर गावानं पायताणानं हाणला असता. हितं कोण हाय, चार टाळकी आन् तुझा मंत्री."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. कायद्याची एवढी पानं वाचून मला जे कळलं नव्हतं ते तिने बशीत चहा ओतता ओतता सांगितलं. म्हणून मला मिनिस्टर खरा का खोटा यापेक्षा त्या लायसन्सवर ज्या दोन साक्षीदारांनी सही केलीय ते कोण याच्यात जास्त इंटरेस्ट आहे आता. एक भाचीची रूममेट, नाशिकची. तिचा नंबर घेऊन ठेवलाय.

आता डिसेंबरात दोघं येणार, ताईने हॉल बघितलाय, भटजी ठरवलाय (आईने), मुहूर्त काढलाय. माझं म्हणणं एवढंच की इथं हौसेनं पुन्हा लग्न लावा, होम करा, सात काय सत्तर पावलं चाला, पण इथं नव्याने नोंदणी करायची नाही. एकाच जोडप्याची दोन सर्टिफिकेटं आणि दोन तारखा झाल्या की व्हिसाच्या वेळी गळ्यात धोंडा. तिकडच्या सर्टिफिकेटवर अपोस्टिलचा शिक्का (परदेशात कागद खरा धरावा म्हणून मारतात तो) मारून आणायला सांगितलंय, तेवढं पुरतं.

काल प्रेसमध्ये पत्रिकेला गेलो तर पोरगा विचारतो, वर काय छापू, शुभविवाह का स्वागत समारंभ? मी स्वागत समारंभ म्हणालो. आईने फोनवरून शुभविवाह सांगितलं, तेच छापलंय, कुर्यात सदा मंगलम् सकट. "नोंदणीला कुणीही जायचं नाही" एवढी चिठ्ठी मात्र मी ताईच्या फ्रीजवर चिकटवून आलोय.