तुम्ही विचारलंत म्हणून: एफडीआयसीला जाताना सांगलीतून काय न्यायचं

एप्रिल जवळ आला की हा प्रश्न येतोच. पालिकेच्या फायरमनकडून येतो, साखर कारखान्यांच्या फायर ऑफिसरकडून जरा जास्तच: "अमेरिकेत इंडियानापोलिसला अग्निशमनवाल्यांची एफडीआयसी परिषद भरते म्हणे. एवढा खर्च करून गेलो तर आपल्या सांगलीला त्याचं काय?"

नुसतं बघायला गेलात तर टोप्या, स्टिकर आणि पेनं मिळतील. आपल्या केंद्राची मापं वहीत लिहून नेलीत, तर मात्र तिथल्या स्टॉलवाल्यांना घाम फोडता येतो.

परिषद दरवर्षी एप्रिलमध्ये, आठवडाभर. पहिले दिवस कार्यशाळा आणि प्रत्यक्ष आगीवरच्या सरावाचे, पुढे व्याख्यानं, आणि शेवटी इंडियाना कन्व्हेन्शन सेंटर व शेजारच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये प्रदर्शन. सरावाचे पैसे वेगळे, जागा लवकर भरतात, आणि फायर सूट, बूट, हेल्मेट स्वतःचं न्यावं लागतं. व्हिसाचं काम दिवाळीआधीच सुरू केलेलं बरं. रजेचा घोळ वेगळाच: १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ आपला अग्निशमन सप्ताह १४ ते २० एप्रिलला असतो. परिषदेच्या तारखा कधी त्यातच येतात. अर्ज करण्याआधी दोन्ही तारखा शेजारी मांडून बघा.

आता वही. पहिल्या पानावर बंबाची टाकी, पंपाचा दाब, होजचा म्हणजे पाण्याच्या नळीचा व्यास आणि कपलिंगचा, म्हणजे होज जोडायच्या तोंडाचा, प्रकार. तिथल्या नोझलवर (होजच्या टोकाच्या तोटीवर) पाणी गॅलनमध्ये आणि दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो, आपल्याकडे दाब बारमध्ये. एक गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, एक बार म्हणजे १४.५ पीएसआय. १५० गॅलनचं नोझल मिनिटाला साधारण ५७० लिटर पाणी ओढतं, म्हणजे आपला ४,५०० लिटरचा बंब आठ मिनिटांत कोरडा. बंबाला पाणी देणारा हायड्रंट चौकाचौकात असलेल्या गावासाठी ते नोझल उत्तम. आपल्याकडे दुसरा बंब भरून यायला किती मिनिटं लागतात, ते आधी मोजून न्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती होजमध्ये. तिथं पावणेदोन इंची हलका होज एक माणूस पळवत नेतो, बघायला झकास वाटतं. पण आपल्या गावभागात बंब बोळाच्या तोंडाशीच अडतो आणि पुढं ३० मीटरचे चार होज जोडावे लागतात. १२० मीटरच्या त्या लाइनीतून मिनिटाला ५७० लिटर ढकलायचे, तर नुसत्या घर्षणात साडेनऊ बारच्या आसपास दाब खलास. शिवाय नोझलला सात बार लागतो. तेच पाणी आपल्या ६३ मिलिमीटर होजमधून सव्वा बारच्या घटीत जातं. म्हणून बोळाच्या टोकापर्यंत ६३, तिथून पाणी फोडणारा दुभाजक लावून शेवटचा एकच होज बारीक, एवढंच आपल्या कामाचं.

त्यांचाही अडीच इंची होज कागदावर आपल्या ६३ इतकाच दिसतो. जोडायला जा, जुळत नाही. त्यांच्याकडे आट्यांचं कपलिंग, आपलं दाबून बसणारं इन्स्टंटेनियस. आपलं एक कपलिंग पिशवीत ठेवा आणि ऑर्डरआधी अडॅप्टर मागा. तो कुपवाडच्या लेथवरही होईल, पण आट्यांचं माप त्यांच्याकडून लेखी घ्या.

आमच्या मते मात्र साखरपट्ट्यातल्या माणसानं सर्वात जास्त वेळ फोमच्या स्टॉलवर घालवावा. आपल्या डिस्टिलऱ्यांत इथेनॉल असतं. ते पाण्यात मिसळतं, त्यामुळे साध्या फोमचा थर त्यावर टिकतच नाही, फुटून जातो. लागतो तो अल्कोहोलला टिकणारा फोम, आणि तो बहुधा इंधन तेलापेक्षा जास्त टक्क्यानं. हिशेब करून बघा: मिनिटाला २२५ लिटर फेकणारी फोमची ब्रँच (तोटी), सहा टक्के मिश्रण, म्हणजे मिनिटाला साडेतेरा लिटर मूळ फोमद्रव. २० लिटरचा कॅन दीड मिनिटात रिकामा. भिंतीला लावून ठेवलेले चार कॅन सहा मिनिटंही पुरत नाहीत. फ्लोरिनवाला फोम जगभर मागे पडतोय, त्याच्या जागी फ्लोरिनमुक्त येतोय. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: इथेनॉलवर चाचणी झालीय का, फोम ओढून पाण्यात मिसळणाऱ्या आमच्या जुन्या इंडक्टरमधून एवढा घट्ट द्रव ओढला जाईल का, आणि जुनी टाकी कशी धुवायची. दोन्ही फोम एकाच टाकीत ओतायचे नाहीत. बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ढिगाला यातलं काही लागत नाही. तिथं आग पोटात धुमसते. पाण्यात मिसळून ते ढिगात मुरवणारं रसायन आणि ढीग फोडायला जेसीबी हवा.

पुराच्या बचावाचे वर्ग निवडताना जपून. तिथं बरंच शिक्षण दोरखंडावर, खळाळत्या प्रवाहासाठी. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, त्यापुढं कृष्णा गल्ल्यांत शिरते ती बहुतेक संथ. खाली कुंपणाच्या सळ्या, बुडालेल्या मोटारसायकली, लोंबत्या तारा. रबरी बोट फाटते, पंख्यात जलपर्णी गुंतते. तेव्हा बोटीचा तळ, पंख्याची जाळी आणि बोटीत माणसं कशी बसवायची हे शिकवणारा वर्ग घ्या.

श्वसन संच बघताना हवा संपत आल्याची शिट्टी कधी वाजते ते विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच संचांत ती ५५ बारच्या आसपास वाजते, अमेरिकी संचात सिलिंडर एक तृतीयांश उरला की, म्हणजे ३०० बारच्या सिलिंडरला १०० ला. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये हा फरक २७० लिटर हवेचा, मिनिटाला ४० लिटर धरले तर पावणेसात मिनिटांचा. दोन्ही जातीचे संच एका तुकडीत मिसळले की एकाची शिट्टी वाजते, दुसऱ्याची गप्प, आणि बाहेर कधी पडायचं यावर आतच वाद. घ्यायचे तर सगळे एका जातीचे.

येताना फोमचा नमुना बॅगेत टाकू नका, भरलेला सिलिंडर तर नाहीच. माहितीपत्रकं तिथंच चाळून निम्मी टाकून द्या, वजन वाढतं. वापरलेला सूट मात्र धुऊन, सुकवून, वेगळ्या पिशवीत. धुराचा वास दुसऱ्या कपड्यांना लागला की जात नाही.